विद्यापीठाची राखण

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या आपणा मंडळींना दोन प्रसंग अपरिचित नाहीत. पहिला प्रसंग कचेरीतला. अवेळी टेलिफोन वाजतो. पलीकडे कुलगुरू असतात. आवारात दंगल उसळली आहे. पोलीस पाठवावेत की न पाठवावेत, हा प्रश्न ते अर्धा विचारतात आणि अर्धा आपल्यावर सोपवितात. दुसरा प्रसंग घरातला. मुलगी दूरच्या गावी वसतिगृहात राहावयास गेलेली असते आणि रात्री ग्रंथालयातून ती आपल्या खोलीवर सुखरूप परतली किंवा नाही या काळजीने आई जागी असते. पहिल्या प्रसंगी पोलिसांनी विद्यापीठात पाऊल टाकू नये असे आपल्याला वाटते. दुसऱ्या प्रसंगी वाटेवर एखादा पोलीस उभा असता तर बरे झाले असते, असे मनात येते. या दोन्ही इच्छा एकाच माणसाच्या आहेत आणि दोन्ही रास्त आहेत. विद्यापीठांच्या राखणीचा आठशे वर्षांचा इतिहास म्हणजे या दोन इच्छांचा मेळ घालण्याच्या खटपटीचाच इतिहास होय.

या खटपटीतून अमेरिकेत गेल्या अर्धशतकात एक लहानशी संस्था निर्माण झाली आहे. तेथील अनेक विद्यापीठांना स्वतःचे पोलीसखाते असते आणि त्या खात्याच्या हाताखाली काही विद्यार्थी वेतनावर काम करतात. त्यांना ‘कम्युनिटी सर्व्हिस ऑफिसर’ म्हणतात; आपण त्यांना सेवाधिकारी म्हणू. हे सेवाधिकारी दिवसा वर्गात बसतात आणि रात्री ठरलेल्या पाळीत ओळखीचा पोशाख घालून, हाती विजेरी आणि बिनतारी संच घेऊन, आवारात फिरतात. कोणाला एकट्याने घरी जाण्याचे भय वाटले तर त्याच्या सोबतीला चालत जावयाचे, इमारतींची दारे लागली आहेत की नाहीत ते पाहावयाचे, सायकलींच्या चोऱ्यांवर लक्ष ठेवावयाचे, सभासमारंभांत गर्दी आवरावयाची आणि काही संशयास्पद दिसल्यास खात्याला वर्दी द्यावयाची, एवढेच त्यांचे काम. त्यांच्याजवळ पिस्तूल नसते, आणि कोणाला अटक करण्याचा पोलिसी अधिकारही त्यांना नसतो. पोलिसी सत्तेचे असे काहीच हाती नसलेला हा रक्षक पोलीसखात्याने का म्हणून बाळगावा, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

युरोपातील पहिल्या विद्यापीठांचा विद्यार्थी हा बहुधा परमुलखातून आलेला असे. बोलोन्यास किंवा पॅरिसला तो उपरा होता. तेथील भाषा त्याची नव्हती आणि तेथील न्यायासनापुढे त्याचा वाली कोणी नव्हता. परप्रांती राहणाऱ्यास हे दुःख समजावून सांगावयास नको. त्या काळी एखाद्या विद्यार्थ्याच्या गावकऱ्याने कर्ज बुडविले, तर सावकार ते त्या विद्यार्थ्याकडून वसूल करी. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने सुमारे ११५८ मध्ये सनद देऊन ही चाल बंद केली आणि आपला न्याय आपल्या गुरूंकडून अथवा बिशपकडून करून घेण्याची मुभा विद्यार्थ्यांना दिली. पॅरिसमध्ये १२०० साली मद्यगृहातल्या एका भांडणावरून शहराच्या राजनियुक्त अधिकाऱ्याने नागरिकांना बरोबर घेऊन जर्मन विद्यार्थ्यांच्या निवासावर हल्ला केला आणि त्यात काही जण मारले गेले. राजा फिलिप ऑगस्टस याने त्या अधिकाऱ्यालाच बंदीत टाकले, आणि राजपुरुषांनी विद्यार्थ्यांवर सहसा हात टाकू नये, टाकावा लागल्यास त्यांना धर्मपीठाच्या स्वाधीन करावे, असा निर्बंध घातला. विद्यापीठाच्या उंबरठ्याशी राजाच्या शिपायाने थबकले पाहिजे, ही कल्पना अशी जुनी आहे आणि ती रक्त सांडल्यानंतर रूढ झालेली आहे.

परंतु शिपाई बाहेर थांबला म्हणजे आत शांतता नांदते असे नाही. ऑक्सफर्ड येथे १० फेब्रुवारी १३५५ रोजी दारू वाईट दिली या तक्रारीवरून विद्यार्थी आणि मद्यगृहाचा चालक यांची बाचाबाची झाली. तिचे पर्यवसान शहर आणि विद्यापीठ यांच्या लढाईत झाले व परंपरेने सांगितलेल्या आकड्याप्रमाणे ६३ विद्यापीठीय प्राणांस मुकले. राजाने विद्यापीठाची बाजू घेतली. नगराध्यक्षाने दरवर्षी त्या दिवशी प्रार्थनेस हजर राहून मृतांमागे एक याप्रमाणे ६३ पेनी अर्पण करावेत, असे प्रायश्चित्त नगराला मिळाले, आणि ते १८२५ पर्यंत चालू होते. शहर व विद्यापीठ यांचा रीतसर समेट व्हावयास १९५५ साल उजाडले.

विद्यापीठाने आपली शिस्त आपण राखावी म्हणून ऑक्सफर्डने ‘प्रॉक्टर’ हा अधिकारी नेमला. हा शब्द आपल्या कानांना परका नाही, कारण उत्तर हिंदुस्थानातील अनेक विद्यापीठांत तो आजही चालू आहे. प्रॉक्टर रात्री फेरीस निघत आणि त्यांच्या बरोबर त्यांचे सेवक असत. विद्यार्थ्यांनी या सेवकांना ‘बुलडॉग’ हे नाव बहाल केले होते. १८२५ च्या कायद्याने विद्यापीठाच्या या शिपायांना पोलिसी अधिकार मिळाले. डोक्याला वाटोळी काळी टोपी घातलेली ही मंडळी २००३ पर्यंत ऑक्सफर्डच्या रस्त्यांवर दिसत असत; त्या वर्षी ते दल मोडण्यात आले.

प्रॉक्टर झाला तरी तो वरिष्ठ. विद्यार्थ्यांतूनच विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवणारा माणूस निवडावा, ही युक्तीही जुनीच आहे, आणि तिचा पहिला अवतार मुळीच गौरवास्पद नाही. मध्ययुगाच्या उत्तरार्धात जर्मन विद्यापीठांत विद्यार्थ्यांनी आपापसांत लॅटिनच बोलले पाहिजे असा दंडक होता. तो मोडून मातृभाषेत बोलणाऱ्यांची नावे गुपचूप टिपून वरिष्ठांकडे पोहोचविणारे हेर नेमलेले असत. त्यांना ‘लुपुस’ म्हणजे लांडगा असे म्हणत. ज्याच्याबरोबर आपण जेवतो आणि झोपतो तोच उद्या आपले नाव देईल, या शंकेने त्या वसतिगृहांतील संभाषणाचे काय होत असेल, याची कल्पना करता येते. पोलिसांना साह्य करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या मागे या लांडग्याची सावली आजतागायत आहे. तो सोबती आहे की हेर आहे, हा त्याच्याविषयीचा पहिला आणि शेवटचा प्रश्न होय.

याच्या अगदी उलट प्रयोग टॉमस जेफर्सनने केला. त्याने स्थापिलेले व्हर्जिनिया विद्यापीठ मार्च १८२५ मध्ये सुरू झाले. तरुणांवर पहारे बसवू नयेत, त्यांच्या स्वाभिमानावर आणि विवेकावर विसंबावे, त्यांनी आपले नियमन आपणच करावे, ही त्याची श्रद्धा होती. सहा-सात महिन्यांतच मुखवटे घातलेल्या विद्यार्थ्यांनी रात्री धुडगूस घातला आणि समजाविण्यास आलेल्या प्राध्यापकांवर हात टाकला. ऑक्टोबरच्या आरंभी विद्यापीठाच्या नियामकांसमोर सर्व विद्यार्थ्यांना बोलाविण्यात आले. नियामकांत माजी राष्ट्राध्यक्ष मॅडिसन होते. ८२ वर्षांचा जेफर्सन बोलावयास उभा राहिला. पण त्याचा कंठ दाटून आला आणि त्याला खाली बसावे लागले. अपराध्यांत त्याच्याच नात्यातला एक तरुण निघाला. त्यानंतर नियम कडक झाले, पण दंगे थांबले नाहीत. १८४० च्या नोव्हेंबरात एका मुखवटेधारी विद्यार्थ्याने जॉन डेव्हिस या कायद्याच्या प्राध्यापकावर गोळी झाडली आणि ते मरण पावले. या आघाताने सर्वजण भानावर आले. १८४२ मध्ये परीक्षेत आपण कोणाचे साह्य घेतलेले नाही असे प्रत्येकाने स्वतःच्या प्रतिष्ठेवर लिहून देण्याची प्रथा सुरू झाली. तीतून तेथील ‘ऑनर सिस्टिम’ वाढली आणि पुढे तिचा कारभार विद्यार्थ्यांच्याच हाती आला. जेफर्सनची श्रद्धा खोटी ठरली असे म्हणता येणार नाही. मात्र ती फळास यावयास सतरा वर्षे आणि एक बळी लागला. स्वयंशासन आज्ञेने किंवा केवळ सदिच्छेने उत्पन्न होत नाही, सवयीने उत्पन्न होते, हा त्यातला धडा आहे.

विद्यापीठाच्या आवारात कायमचा पोलीस प्रथम दिसला तो येल विद्यापीठात. न्यू हेवन शहर आणि हे विद्यापीठ यांचे वैर जुने होते. १८२४ मध्ये नुकतीच पुरलेली एका तरुणीची प्रेतपेटी रिकामी आढळली आणि तिचा देह वैद्यकीय विद्यालयाच्या तळघरात सापडला, तेव्हा चवताळलेल्या जमावाने त्या इमारतीला वेढा घातला होता. विद्यार्थी, नागरिक आणि शहरपोलीस यांचे खटके त्यानंतरही उडत राहिले. अखेर १८९४ मध्ये विल्यम वायझर आणि जेम्स डॉनेली या दोघा शहरपोलिसांना खास येलच्या कामगिरीवर नेमण्यात आले. विद्यार्थी प्रथम त्यांच्याकडे संशयाने पाहत; हे आपल्यावर पाळत ठेवावयास आले आहेत असे त्यांना वाटे. या दोघांनी मात्र विद्यार्थ्यांना पकडण्यापेक्षा त्यांच्या वस्तू, त्यांच्या खोल्या आणि प्रसंगी त्यांची अब्रू सांभाळण्याकडे लक्ष दिले आणि हळूहळू त्यांचा विश्वास संपादन केला. वायझर पुढे त्या दलाचा प्रमुख झाला आणि त्याने आपल्या आठवणींचे पुस्तकही लिहिले. विद्यापीठातल्या पोलिसाला लोकांची ओळख हेच मोठे हत्यार असते, हे येलच्या या दोन साध्या शिपायांनी दाखवून दिले.

तथापि विसाव्या शतकात विद्यापीठांचे आकारमान इतके वाढले की ही ओळख टिकणे अवघड झाले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी बर्कली येथे राजकीय प्रचाराच्या बंदीवरून जॅक वाइनबर्ग या तरुणाला पकडून पोलिसांच्या मोटारीत बसविण्यात आले. पाहता पाहता विद्यार्थ्यांनी त्या मोटारीभोवती बैठक मारली आणि ती सुमारे ३२ तास जागची हलू दिली नाही. मोटारीचा टप हेच व्यासपीठ झाले. मारिओ सॅव्हिओ त्यावर चढला तो पायांतले बूट काढून, पत्र्यास इजा पोचू नये म्हणून. पोलीस आणि विद्यार्थी यांच्यात तोवर एवढी मर्यादा शिल्लक होती. डिसेंबरात विद्यापीठाच्या इमारतीत ठाण मांडलेल्या सुमारे ८०० जणांना बाहेरून आलेल्या पोलिसांनी अटक केली आणि ती मर्यादा विरत चालली.

सेवाधिकाऱ्याची कल्पना याच सुमारास जन्मास आली, परंतु विद्यापीठांसाठी नव्हे. अमेरिकेच्या मोठ्या शहरांतील कृष्णवर्णीय आणि गरीब वस्त्या पोलिसांना शत्रू मानू लागल्या होत्या. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६५ मध्ये नेमलेल्या आयोगाने १९६७ च्या अहवालात असे सुचविले की, पोलीसदलात तीन पायऱ्या असाव्यात. सर्वांत खालच्या पायरीवर १७ ते २१ वयाचा, शक्यतो त्याच वस्तीतला तरुण असावा. त्याच्या अंगावर पोशाख असावा, पण हाती शस्त्र नसावे आणि पोलिसाचे संपूर्ण अधिकारही नसावेत. त्याने लोकांची गाऱ्हाणी ऐकावीत, त्यांना मदत करावी आणि काम करता करता शिकून पुढे पोलीस व्हावे. या पायरीला आयोगाने ‘कम्युनिटी सर्व्हिस ऑफिसर’ असे नाव दिले. परके वाटणारे दल आपल्यातल्याच माणसाच्या द्वारे आपले वाटावे, हे या कल्पनेचे मर्म होते.

विद्यापीठांना तिची गरज किती आहे, हे १९७० साली दिसून आले. त्या वर्षी ४ मे रोजी ओहायोतील केंट येथे राष्ट्रीय रक्षकदलाने १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी ठार झाले, नऊ जखमी झाले. ठार झालेल्यांपैकी दोघे तर केवळ वर्गाकडे चालले होते. अकरा दिवसांनी जॅक्सन येथील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात पोलिसांच्या गोळीबारात आणखी दोघांचा अंत झाला. कॅलिफोर्नियात सांता बार्बरा विद्यापीठाशेजारच्या आयला विस्ता या वस्तीत फेब्रुवारीत जमावाने एक बँक जाळली होती. एप्रिलमध्ये तिच्या तात्पुरत्या कचेरीवर पुन्हा जमाव आला, तेव्हा आग विझविण्यासाठी काही विद्यार्थी स्वतः होऊन पुढे सरसावले. त्यांतील एकाला गोळी लागून मृत्यू आला आणि ती गोळी पोलिसाच्या बंदुकीतून चुकून सुटलेली होती. राखण करणाऱ्याचा जीव राखणदाराच्याच हातून गेला. रक्षकांची दोन दले एकमेकांस ओळखत नसली म्हणजे काय घडते, याचे याहून दुःखद उदाहरण क्वचितच सापडेल.

त्यानंतर आयला विस्तात परगण्याचे आणि विद्यापीठाचे पोलीस मिळून पायी गस्त घालू लागले. मोटारीतून उतरून लोकांत चालावे, नावागावाने ओळख करून घ्यावी, ही येलची जुनी रीत पुन्हा सुरू झाली. विद्यापीठांनी बाहेरच्या फौजेवर विसंबण्याऐवजी स्वतःची पोलीसखाती वाढविली, आणि सांता बार्बरा, लॉस एंजेलिस यांसारख्या अनेक ठिकाणी त्या खात्यांत विद्यार्थी सेवाधिकारी रुजू झाले. शहरांतील गरीब तरुणांसाठी सुचविलेली योजना अशा रीतीने विद्यापीठांच्या हिरवळीवर रुजली. ज्या वस्त्यांसाठी ती होती त्यांच्या पदरी तीतले थोडेच पडले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

या व्यवस्थेचे बळ कशात आहे ते १९८६ च्या एका घटनेवरून ध्यानात येते. पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीचा वसतिगृहातील खोलीतच खून झाला. आपोआप कुलूप लागणारी तीन दारे कोणी ना कोणी अडसर घालून उघडी ठेवली होती, आणि मारेकरी त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. तिच्या मातापित्यांच्या खटपटीने १९९० मध्ये कायदा झाला आणि शासकीय साह्य घेणाऱ्या विद्यापीठांना आपल्या आवारातील गुन्ह्यांची माहिती प्रतिवर्षी प्रसिद्ध करणे भाग पडले. वेशीवर सशस्त्र पहारेकरी उभा करून असा गुन्हा टळला नसता. टळला असता तर रात्री दोनदा फिरून ती दारे लावणाऱ्या, आणि ‘दार उघडे टाकू नका’ असे मित्रत्वाने सांगणाऱ्या, एखाद्या विद्यार्थ्यामुळे टळला असता. सेवाधिकाऱ्याचे काम हे असे दारे लावण्याचे आहे. त्याची वार्ता कोठे छापून येत नाही, कारण ते नीट पार पडले म्हणजे काहीच घडत नाही.

त्याच्या मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट आहेत. विद्यापीठाचे पोलीस ‘आपले’ असले की ते सौम्य असतात हा भ्रम १८ नोव्हेंबर २०११ रोजी डेव्हिस येथे दूर झाला. तेथे शांतपणे खाली बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर विद्यापीठाच्याच पोलिसाने मिरीचा झोंबरा फवारा मारला. २०२० च्या मे महिन्यात जॉर्ज फ्लॉइडचा मिनिआपोलिस येथे पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाल्यावर मिनेसोटा विद्यापीठाने शहरपोलिसांशी असलेले आपले संबंध आखडते घेतले, आणि आवारातील सशस्त्र पोलीस कमी करून त्यांची कामे निःशस्त्र माणसांकडे द्यावीत अशी मागणी ठिकठिकाणी झाली. अशा वेळी सेवाधिकारी विद्यार्थी कात्रीत सापडतो. उद्या निदर्शने झाली तर तो कोणाच्या बाजूला उभा राहणार? सहाध्यायांची नावे खात्याला देणार काय? दिली तर तो लांडगा ठरला. न दिली तर खाते त्याला कशासाठी ठेवील? याचे समाधानकारक उत्तर एकच दिसते. त्याचे काम आधीच इतके नेमके आखून द्यावे की हा प्रश्न त्याच्यापुढे येऊच नये. सोबत, दारे, दिवे, वाहने, अपघात ही त्याची हद्द. मते, सभा आणि मैत्री ही त्याच्या हद्दीबाहेरची.

आपल्याकडे विद्यापीठांना साधारणतः स्वतःचे पोलीस नाहीत. प्रॉक्टर आहे, त्याच्या हाताखाली पहारेकरी आहेत, आणि प्रकरण हाताबाहेर गेले की शासनाचे पोलीस आहेत. मधली पायरी रिकामी आहे. वास्तविक पोलिसांना निःशस्त्र नागरिकांचे साह्य ही गोष्ट आपल्याला नवी नाही. दंगलींच्या दिवसांत, ६ डिसेंबर १९४६ रोजी, मुंबई प्रांताचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने मुंबईत होमगार्ड दल उभे राहिले, ते पोलिसांना साह्य करणारे स्वयंसेवक दल म्हणूनच. महाराष्ट्रातील शाळांत आर.एस.पी.चा पट्टा लावून, शिट्टी फुंकून, रस्ता ओलांडणाऱ्या लहानग्यांसाठी मोटारी थांबविणारी मुले पुष्कळांनी पाहिली असतील. कित्येक वाचकांनी तो पट्टा स्वतः लावलाही असेल. १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना आली, १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, आणि २०१० पासून केरळात शाळेतल्या मुलांसाठी विद्यार्थी-पोलीस योजना चालू आहे. सेवेची आणि शिस्तीची शिकवण आपण देतो. मात्र ज्या आवारात विद्यार्थी राहतो, त्याच आवाराच्या रात्रीची नित्य जबाबदारी आपण त्याच्यावर क्वचितच सोपवितो.

ती सोपविताना वरील इतिहासातील तीन गोष्टी ध्यानी धराव्या लागतील. शस्त्र नसणे हे त्या विद्यार्थ्याच्या पदाचे वैगुण्य न मानता त्याचा आधार मानला पाहिजे, कारण शस्त्र हाती येताच तो आपल्यातला उरत नाही. त्याला वेतन, शिक्षण आणि वरिष्ठांचा पाठिंबा मिळाला पाहिजे. सेवेच्या नावाखाली स्वस्तात राबविलेला मुलगा कोणाचीच राखण करीत नाही. आणि त्याच्याकडून कधीही कानाचे काम घेऊ नये. या तीन अटी पाळता येत नसतील तर असला प्रयोग न केलेला बरा.

अर्थात कुलगुरूंचा अवेळीचा टेलिफोन एवढ्याने थांबेल असे नाही. दंगल पेटल्यावर पोलीस पाठवावे लागतील आणि तो निर्णय आपल्यापैकीच कोणाला तरी घ्यावा लागेल. पण ज्या आवारात रोजच्या रात्री कोणी ओळखीचा विद्यार्थी दिवा घेऊन फिरत असतो, तेथे काय शिजते आहे आणि काय नुसतेच बोलले जाते आहे, यातला फरक सांगू शकणारी माणसे प्रॉक्टरच्या भोवती असतात, आणि तो फरक सांगण्यासाठी त्यांना कोणाचे नाव घ्यावे लागत नाही. घरी जागणाऱ्या आईला तर एवढेच कळावयास हवे असते की, मुलगी ग्रंथालयातून निघाली तेव्हा तिच्याबरोबर कोणीतरी होते.